सहा बाय चारचा कपडा

गांधीधाम,
१४ जानेवारी २०२५

चि. शीरास,
शालोम व अ. उ. आ. वि. वि.

आईने निरोप दिला की तू माझा फोन उचलणार नाहीस, जे बोलायचं ते पत्रात लिहावं, कारण फोनवर मी ओरडतो आणि पत्रात ओरडता येत नाय. बरं. टपरीवरून शंभर पानी वही आणली. आठवीत शाळा सोडल्यापासून एवढं लांब काय लिहिलेलं नाय, अक्षराला हसू नकोस. आणि पत्रात ओरडता येतं की नाय ते बघच आता.

आधी खुशाली. मी बरा हाय. टाकीच्या आत उतरून वेल्डिंग चाललंय, बारा तासांची शिफ्ट, डोळे रात्रंदिवस चुरचुरतात. रोह्याला धाटावच्या कंपनीत असाच कंटाळलो, तळोज्याला कंटाळलो, इथेही कंटाळलोय. आई म्हणते तुझ्या पायाला भिंगरी हाय. असेल.

आता ऐक. धाटावला माझ्याबरोबर असलेल्या एका पोराच्या स्टेटसला तुझ्या रोह्याच्या कॉलेजच्या गॅदरिंगचा फोटो होता. गॅलरीतून खाली सोडलेला लाल कपडा, मधे पांढरा गोल, गोलात तो काळा, तिरका, वाकड्या हातांचा क्रॉस. हिटलरचा झेंडा, गो शीरे. त्याच्याखाली काळे शर्ट घातलेली पाच पोरं हात ताणून उभी. आणि कोपऱ्यात साडी नेसून, छातीवर बिल्ला लावून, ट्रॉफीचं तबक हातात धरून कोण, तर माझी बहीण. मी फोटो मोठा करून करून बघितला, वाटलं दुसरी कोण असेल. तूच होतीस.

पेणात आपल्या ज्यू लोकांची किती घरं उरलीत? मशिदीत प्रार्थनेला दहा पुरुष भरत नाहीत म्हणून पनवेलहून माणसं बोलवावी लागतात. सगळे गेले इस्रायलला. आपण राहिलो, कारण सॅम्युएल आजोबा म्हणायचे की इथे आपल्याला कुणी कधी दगड मारला नाय. आणि त्यांची नात त्या कपड्याखाली बक्षिसं वाटते! तबक फेकून का नाय दिलंस? कपडा ओढून का नाय काढलास? कुणी लावला? पोरांची नावं लिही. पहिला नंबर कुणाला मिळाला ते पण लिही, म्हणजे माझं रक्त नीट उकळेल.

इथे कॅम्पात मी कोण ते कुणाला माहीत नाय. पहिल्याच आठवड्यात ज्यू म्हणजे काय ते सांगायला गेलो, सिनेगॉगला आम्ही मशीद म्हणतो असं म्हटलं, तर मुसलमान की ख्रिश्चन यावर तासभर वाद झाला. शेवटी ख्रिश्चनसारखंच काहीतरी म्हणून मोकळा झालो. दर नाताळला ठेकेदार मला केक देतो आणि मी खातो. इथे गप्प बसतो ते चालतं. तिथे, आपल्या घरी, गप्प बसायचं नाय.

आईला बीपीची गोळी वेळेवर घ्यायला सांग. राग केला तरी भावानेच केला असं समजून माया कमी करू नकोस.

तुझा दादा,
आरोन


रामवाडी, पेण,
२० जानेवारी २०२५

ती. आरोनदादास,
शालोम. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ओरडता येतं, कळलं. आईने तुझं पत्र माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं आणि मधेच उठून दार लावून आली, शेजारी ऐकतील म्हणून. अक्षराला हसले नाही. फक्त रागावलास की प्रत्येक ओळ वर चढत जाते.

पहिला नंबर त्यांनाच मिळाला. त्यांच्या मूकनाट्याचं नाव होतं ‘शिस्त’. ग्रुपचा म्होरक्या आदर्श, तिसऱ्या वर्षाचा. झेंडा ऐन वेळी खाली सोडला, मला आधी माहीत नव्हतं. तबक टाकून निघून जायला हवं होतं असं तुला वाटतं. आता मलाही वाटतं. तेव्हा पाय हलले नाहीत, एवढंच खरं आहे. शुक्रवारी लावलेला तो कपडा सोमवारपर्यंत तसाच होता.

सोमवारी मी प्राचार्यांकडे गेले. त्यांनी चष्मा वर सरकवून विचारलं की स्वस्तिकाचं तुम्हा लोकांना वावडं आहे का. मी सांगितलं की गेटसमोरच्या टपरीवाल्या बायजाकाकू रोज सकाळी उंबऱ्यावर स्वस्तिक काढतात, त्या घाईत असल्या की त्यातले चार ठिपके मी भरते, मला कसलं वावडं. पण हे ते नव्हे. हे चिन्ह दंडावर बांधून माणसांना घराघरांतून ओढून नेलं, साठ लाख ज्यू मारले, लेकराबाळांसकट. सर म्हणाले की गॅदरिंग झालं, आता विषय कशाला वाढवायचा. दुपारी शिपाई कान्हूमामांनी कपडा उतरवला.

मग आदर्श भेटला. म्हणाला की देश स्वतंत्र आहे, ज्याला जे वाटतं ते तो दाखवेल, त्याला तो माणूस शिस्तीचा वाटतो आणि हे त्याचं मत आहे. वर मला विचारलं की तुमच्या घरातलं कोण मेलं तिथे. दादा, आपल्या घरातलं कुणीच नाही मेलं. आपण तेव्हा इथे घाणे चालवून तेल काढत होतो. रोह्याहून पेणपर्यंत गाडीत तेच डोक्यात होतं, की मग मला एवढं का लागलं.

तुला पटणार नाही, पण मी ठरवलंय की त्याचं तोंड बंद करायला जायचं नाही. त्याला मत असेल तर मलाही आहे. आमचं भित्तिपत्रक माझ्याकडे आहे, ‘कुंडलिका’ त्याचं नाव, जिन्याखालच्या फळ्यावर लागतं आणि चहाच्या सुट्टीत सगळे वाचतात. पुढचा सबंध अंक मी त्या झेंड्यावर लिहितेय. तीन फेब्रुवारीला लागेल. त्याने झेंडा लावला, मी कागद लावते, वाचू देत लोकांना दोन्ही. तोवर तू काही करू नकोस. एवढं एक ऐक.

बाकी काही विशेष नाही. वर्गात मी बाक बदललंय, आता खिडकीशी बसते. आई ठीक. तिचा आशीर्वाद आणि चिंचेची चटणी पार्सलने येतील. माया आहे तशी राहू दे, आवाज तेवढा उतरव.

तुझी,
शीरा


गांधीधाम,
२५ जानेवारी २०२५

मित्रवर्य हर्षद यास,
स. न. वि. वि.

हर्षद्या, तुला पत्र लिहितोय म्हणून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाय. अजून.

सोबत एक फोटो छापून पाठवतो. शीराच्या कॉलेजात हा झेंडा लावला होता. नीट बघ, हा छापलेला नाय, हाताने रंगवलाय. गोल बघ कसला धरलाय, कडा बघ. असला हात पेणातल्या गणपतीच्या कारखान्यांतच सापडतो आणि तिथला प्रत्येक हात तुला माहीत हाय. कुणी रंगवला ते मला कळव. मी होळीला येतो आणि त्याचा हात मनगटातून वाकडा करतो, तो काळा क्रॉस वाकडा हाय तसाच.

शीरा म्हणते काही करू नको, ती कागद लिहिणार. कागद! तिच्या तोंडावर झेंडा लावतात आणि ती निबंध लिहिते. मी थांबलो नाय. बाबा गेल्यापासून तिच्या फॉर्मवर पालक म्हणून सही माझी असते, म्हणून कालच कॉलेजला तक्रार धाडली. आमच्या कॅम्पातला नाशिकचा क्लार्क टाईप करून देतो. मी सांगितलं, त्याने जोरदार करून लिहिलं की यापुढे कॉलेजात कसलंही चिन्ह, कसलाही झेंडा, कसलाही कागद कुठल्याही भिंतीवर लागता कामा नये, नाहीतर पोलिसांत जाऊ, पेपरात देऊ. एकदम साफ. पुन्हा कुणाची हिंमत होणार नाय.

वहिनीला नमस्कार. पोराला माझा पापा. उलट टपाली नाव कळव, मग दोस्तीच्या गप्पा करू.

तुझा,
आरोन


रामवाडी, पेण,
३ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
शालोम. सा. न. वि. वि.

आज माझा अंक लागायचा होता. तुझं अभिनंदन.

सकाळी कॉलेजात गेले तर जिन्याखाली फळा नव्हता. भिंतीत स्क्रूची चार भोकं आणि त्यांच्या मधोमध एक नोटीस. एका पालकांच्या लेखी तक्रारीवरून महाविद्यालयाच्या आवारात कोणतेही चिन्ह, झेंडा, भित्तिपत्रक वा लिखित मजकूर लावण्यास पुढील आदेशापर्यंत मनाई करण्यात येत आहे. मी प्राचार्यांकडे धावले. ते इतके गोड हसले की मला तिथेच कळलं, त्यांना हेच हवं होतं. तुझं पत्र पुढे सरकवलं आणि म्हणाले की तुमच्या भावाने मागितलं त्यापेक्षा एक अक्षर जास्त केलेलं नाही. वर म्हणाले, तुमच्या भावना जपल्या.

मी आठ फुलस्केप कागद लिहिले होते, दादा. तीन आठवडे ग्रंथालयात बसून. ते गुंडाळी करून परत घरी आणले. झेंडा तीन दिवस लागला, त्याला ट्रॉफी मिळाली. माझा कागद तीन मिनिटं लागला नाही, आणि तो काढायला लावणारा आदर्श नाही, तू आहेस. आदर्शला तर आनंद झालाय. सगळ्यांना सांगत फिरतो की बघा, ह्यांना आपलं मत सहन होत नाही आणि स्वतःचंही मांडता येत नाही.

आता तुला ओरडायचंच आहे तर खऱ्या गोष्टीवर ओरड. मी बाक का बदललं ते तू विचारलंसुद्धा नाहीस. प्राचार्यांकडे जाऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या बाकावर, मी वही ठेवते त्याच जागेवर, तो क्रॉस कोरलेला होता. कर्कटकाने, खोल. खाली लिहिलं होतं, गॅस संपला की सांग. मी वर्गात त्यावर वही ठेवून तास काढला आणि कुणाला सांगितलं नाही. आईला आजही माहीत नाही.

गॅलरीवर होता तोवर मी म्हणत होते की ते त्याचं मत आहे, त्याला उत्तर देईन. माझ्या बाकावर आला तेव्हा तो मत राहिला नाही. तो मला एकटीला धाडलेला निरोप होता, की तू इथे बसू नकोस. त्या बाकासाठी तू भांडला असतास तर मी तुझे पाय धरले असते. तू भांडलास ते माझ्या कागदाशी. मला न विचारता, माझा पालक म्हणून सही करून.

आई जेवायला बोलावतेय. आज माया वगैरे लिहीत नाही, ती असतेच, तू समजून घे.

शीरा


पेण,
६ फेब्रुवारी २०२५

मित्रवर्य आरोन यास,
स. न. वि. वि.

आरोन्या, फोटो मिळाला. फार बघावा लागला नाय. माझाच हात हाय.

डिसेंबरात तो आदर्श कारखान्यात आला होता. मोबाईलवर चित्र दाखवलं, म्हणाला कॉलेजच्या नाटकाला हवंय, सहा बाय चारच्या कपड्यावर. मला वाटलं कुठल्या तरी पिक्चरमधलं असेल. मी गणपतीच्या हातावर काढतो तसा सरळ स्वस्तिक आखला, सवयीने चार ठिपके पण दिले. तर म्हणाला की ठिपके पुसा आणि तिरका करा. मी म्हटलं की तिरका बरा दिसत नाय, डोळ्याला खटकतो. म्हणाला तसाच हवा. केला. वर्षाला हजार गणपतींच्या डोळ्यांची आखणी करणारा मी, नजर कशात हाय आणि कशात नाय ते मला कळतं. तो कपडा वाळत घातला तेव्हा त्याच्याकडे बघवेना, पण का ते कळलं नव्हतं. तुझं पत्र आल्यावर शीराकडे गेलो, तिने ते आठ कागद वाचायला दिले. वाचून झाले आणि दोन दिवस ब्रश हातात धरला नाय.

मनगट वाकडं करायचं तर ये. होळीपर्यंत थांबू नकोस, तेव्हा कामाची घाई असते.

पण माझं पण ऐकून जा. तेरा वर्षांचे होतो आपण. तुझ्या सायकलीच्या मडगार्डवर रेडियमवाल्याकडून कापून आणलेलं स्टिकर कुठलं होतं, आठवतंय? हेच होतं. मीच निवडून दिलेलं, तुला लय भारी वाटलेलं. तुझ्या आजोबांनी मशिदीच्या दारात बघितलं. शिवी नाय, थप्पड नाय, तेलाच्या दिव्यांची काजळी खरवडायचं पातं आणून स्टिकर खरवडून काढलं आणि तुझा हात धरून तुला आत नेलं. मी बाहेर सायकल धरून तासभर उन्हात उभा. तू बाहेर आलास तो डोळे लाल करून. मी विचारलं की काय झालं, तर मला आईवरून शिवी दिलीस आणि सायकल घेऊन गेलास. परत कधी त्या विषयावर बोलला नाहीस.

तुला आजोबांनी सांगितलं म्हणून तुला कळलं. मला तू सांगितलं नाहीस. तेव्हा सांगितलं असतंस ना आरोन्या, तर आज तो कपडा माझ्याकडून कोरा परत गेला असता. आदर्शला पण कुणी सांगितलेलं नाय. शीराचा कागद सांगणार होता. तोच तू उतरवलास. तुझी तक्रार वाचून मला हसू पण आलं आणि तुला दोन ठेवून द्याव्यात असं पण वाटलं.

तुझी वहिनी म्हणते, भावजींना सांगा हात मोडायला येणार असतील तर जेवूनच जा. पोरगं तुझी वाट बघतं. दोस्ती शिल्लक हाय की नाय ते कळव, माझ्या बाजूने हाय.

तुझा,
हर्षद


गांधीधाम,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. शीरास,
शालोम व अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. वही निम्मी झाली.

तुझ्या बाकाचं वाचल्यावर मी टाकीतून वर आलो आणि हेल्मेट भिंतीवर आपटलं. काच फुटली. सुपरवायझरने कारण विचारलं, मी म्हटलं हातातून निसटलं. इथे मला एवढंसुद्धा बोलता येत नाय. त्या आदर्शचा गळा धरायला रात्रीच्या गाडीत बसणार होतो, बॅग भरली होती. हर्षदचं पत्र त्याच दिवशी आलं म्हणून बॅग परत रिकामी केली.

तो जे लिहितो ते खरं हाय. तुला माहीत नाय, तू तेव्हा पाच-सहा वर्षांची. मी, सॅम्युएल आजोबांचा नातू, तो क्रॉस सायकलवर लावून मशिदीत गेलो होतो. मला वाटलं लढाईतलं काहीतरी शूर निशाण असेल. आजोबांनी आत नेऊन मला तेबाच्या, धर्मग्रंथ वाचायच्या चौथऱ्याच्या, पायरीवर बसवलं आणि छावण्यांची सगळी गोष्ट सांगितली. एकदाही आवाज चढवला नाय. मला वाटत होतं त्यांनी मारावं. शेवटी म्हणाले की तुला माहीत नव्हतं, हा तुझा गुन्हा नाय, पण आता माहीत झालंय, आता तुझ्यावर काम आलं. ते काम मी केलं नाय. शरम वाटली म्हणून तोंड शिवून घेतलं. जिथे नोकरीला गेलो तिथे शिवलेलंच ठेवलं. आणि जिने उघडायचं ठरवलं तिचं पण शिवून टाकलं.

पण एक सांगतो, मी अजून रागात हाय आणि राहणार. मी तेरा वर्षांचा होतो, मला माहीत नव्हतं. तिथे तुमचं कोण मेलं असं तो विचारतो, म्हणजे त्याला सगळं माहीत होतं, आणि तरी त्याने गॅसचं लिहिलं. ते अज्ञान नव्हे, ती खोड हाय. हा फरक प्राचार्यांना समजत नसेल तर समजावायला पाहिजे.

म्हणून त्यांना आज दुसरं पत्र लिहिलं. या वेळी क्लार्ककडे गेलो नाय, स्वतः लिहिलं, चुका असतील. त्याची नक्कल:

प्रति प्राचार्य साहेब. माझी मागची तक्रार मी रागात आणि बहिणीला न विचारता केली, ती परत घेतो. भित्तिपत्रक लावू द्या. झेंडा लावायचा असेल त्याला पण त्याचं म्हणणं मांडू द्या, पण समोर उभं राहून, उत्तर ऐकून घ्यायच्या बोलीवर. मात्र माझ्या बहिणीच्या बाकावर जे कोरलं ते म्हणणं नाही, ती धमकी आहे, त्याची चौकशी करा. तुम्ही उलट केलंत. धमकी तशीच ठेवलीत आणि म्हणणं बंद केलंत. आपला, आरोन.

आणखी एक. तुझ्या लेखात माझी सायकल घाल. नाव घालून. सगळ्यात वर घाल.

उद्या एलियाहू हनबीच्या सणाचा मलिदा ना? पोहे, खोबरं, साखर, पाच फळं, सगळं डोळ्यांपुढे येतंय. माझ्या वाटणीचा मूठभर हर्षदच्या पोराला दे. आईला बाकाचं तू सांग, मी सांगितलं तर ओरडून सांगेन. चुकलेल्या भावावर जमेल तेवढी माया करावी.

आरोन


रामवाडी, पेण,
२७ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
शालोम. सा. न. वि. वि.

आईला सांगितलं. ती रडली नाही. तिने विचारलं की बाक लाकडाचं आहे की पत्र्याचं. लाकडाचं म्हटल्यावर म्हणाली, मग घासलं तर जाईल.

प्राचार्यांनी तुझं दुसरं पत्र वाचलं आणि सांगितलं की पालकांनी आधी त्यांना काय हवंय ते ठरवावं. नोटीस मागे घेणार नाहीत. सगळंच बंद असलं की त्यांना कुणाचं काही वाचावं लागत नाही, ऐकावं लागत नाही, सोपं पडतं. बाकाबद्दल म्हणाले की कुणी कोरलं याला पुरावा काय.

मग हर्षदभाऊ आला. सहा बाय चारचा पांढरा कपडा घेऊन. म्हणाला की माप तेच ठेवलंय. चार संध्याकाळी कारखान्यात बसून त्याने माझा लेख त्यावर रंगवला, आठ कागदांचा मी एक केला. पहिली ओळ तुझी: माझा भाऊ आरोन तेरा वर्षांचा असताना हेच चिन्ह सायकलवर लावून फिरत होता, कारण त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कॉलेजात लावता येत नव्हता म्हणून बायजाकाकूंना विचारलं. त्यांच्या टपरीची भिंत थेट गेटसमोर. त्यांनी पहिली ओळ वाचायला लावली आणि स्वतःच खिळे काढून दिले. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी कान्हूमामांना पाठवलं की कपडा काढा. काकूंनी विचारलं की मामा चहा प्यायला आलात की हुकूम द्यायला, कारण चहा तयार आहे आणि हुकूम गेटाच्या आत चालतो. मामा बसले, चहा प्यायले आणि सगळा कपडा वाचून गेले.

आदर्श चौथ्या दिवशी आला. हेल्मेट न काढता वाचत उभा राहिला. तुझ्या ओळीपाशी थांबला, ती परत वाचली. शेवटपर्यंत वाचलं आणि मोठ्याने म्हणाला की दुसऱ्यांना इतिहास शिकवणाऱ्यांनी आधी स्वतःची सालं बघावीत, छावण्या सुटल्या पंचेचाळीस साली, इथे सेहेचाळीस लिहिलंय. खरंच लिहिलं होतं, दादा! हर्षदभाऊचा ब्रश चुकला होता. तो तिथेच होता. त्याने रंगाचा डबा काढला, आदर्शच्या हातात दिला आणि म्हणाला की धर नीट, सांडू नको. आदर्श डबा धरून उभा आणि भाऊ आकडा दुरुस्त करतोय, सगळी टपरी बघतेय.

तेवढ्यात मी विचारलं. सगळ्यांसमोर. बाकावर कुणी कोरलं. तो म्हणाला की गंमत होती. मी म्हटलं, झेंड्याबद्दल तुला जे म्हणायचं ते इथे बसून म्हण, मी ऐकते, उत्तर देते. पण बाकावरचं तू स्वतःच्या हाताने घासायचं, वर्ग भरलेला असताना. तो म्हणाला की कपडा लावायची सूट असेल तर माझाही झेंडा हिच्याशेजारी लावतो. बायजाकाकू म्हणाल्या की तुझं मत कुणी चोरत नाय रे, पण ही भिंत माझी, तू तुझी शोध.

हर्षदभाऊने खिशातून पॉलिश पेपर काढून त्याच्यापुढे धरला. मला वाटलं तो फेकून देईल. त्याने घेतला. परवा सकाळी दहाला आला आणि अर्धा तास घासत होता, कान लालबुंद. माफी मागितली नाही, मीही मागायला लावली नाही. उठताना म्हणाला की झेंड्याबद्दल माझं मत अजून तेच आहे. मी म्हटलं की मला माहीत आहे, टपरीवर ये, बोलू.

खोल कोरलेलं होतं, सगळं गेलं नाही. बोट फिरवलं की लागतं. मी परत त्याच बाकावर बसते.

मूळ लेखाची माझ्या हातची नक्कल सोबत पाठवते, फोटोत बारीक दिसतं. मलिद्याचा तुझा मूठभर पोचला, पोराने आणखी मागितला. आई विचारते तू कधी येणार. माया पूर्वीसारखी, थोडी जास्तच.

तुझी,
शीरा


गांधीधाम,
८ मार्च २०२५

चि. शीरास,
शालोम व अ. उ. आ. वि. वि.

तुझी नक्कल मिळाली. आठ कागद, अक्षर काय सुंदर काढतेस गो. पलंगाच्या वर भिंतीवर चिकटपट्टीने लावले. रोज शिफ्टवरून आलो की एक वाचायचो.

पाचव्या दिवशी सुपरवायझर आला. म्हणाला की कॅम्पाचा नियम हाय, भिंतीवर कुठलंही चित्र, कुठलाही झेंडा, कुठलाही कागद नको. शीरे, माझेच शब्द! कॉमासकट. माझ्या हाताची मूठ वळली, तुला खोटं कशाला सांगू. मग मीच उठून एकेक कागद सोलला.

खोलीत आम्ही आठ जण. झारखंडचे, ओडिशाचे, एक यूपीचा. त्यांनी विचारलं की एवढं काय लिहिलंय त्यात. मी पलंगावर बसलो आणि वाचून दाखवलं. मराठी वाचायचं, हिंदीत सांगायचं, शब्द अडले तिथे हातवारे करायचे. मी कोण ते पण सांगितलं. मग यूपीवाला म्हणाला की म्हणजे दोन वर्षं हा आमच्या वाटणीचा केक फुकट खातोय. एवढे हसले की शेजारच्या खोलीतून माणसं आली, त्यांना परत पहिल्यापासून सांगावं लागलं.

सुपरवायझरला मी लेखी विचारलंय की भिंतीवर कागद का नको त्याचं कारण लेखी द्या. उत्तर आलेलं नाय. रोज सकाळी जाऊन विचारतो. ओरडत नाय, आईला सांग. राग तर हाय, तुझ्या बाकावर बोट फिरवल्यावर जे लागतं ना, ते मला इथे बसून लागतं. आदर्शला भेटायला मी येणारच हाय, होळीला. गळा धरायला नाय. टपरीवर बसून माझी सायकल त्याला तोंडाने सांगायला.

कागद पेटीत ठेवलेत. काल टाकीत काम करताना लक्षात आलं की पहिल्या चार पानांसाठी मला ते आता लागत नाहीत, पाठ झालेत. मी टाकीच्या आत म्हणून बघितले, मोठ्याने. टाकीत आवाज घुमतो, वरच्या पोराने वाकून विचारलं की काय झालं. मी म्हटलं खाली ये, सांगतो.

हर्षद्याला सांग मनगट सांभाळ, गणपतींच्या कामाची घाई जवळ आलीय. आईच्या पाया पडतो. तू लिहीत रहा, हेच माझ्यावरचं प्रेम समजेन.

तुझा दादा,
आरोन